संदर्भसूचीचं एचटीएमएल कसं लिहायचं म्हणजे पुढे नुसती सीएसएस बदलून भागेल?

शिरोरेखा_सांगली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज. आमच्याकडे इतिहासाचं एक छोटं त्रैमासिक निघतं, त्याचे जुने अंक मी वेबवर चढवतेय. लेखांचं काही नाही, ते पटापट होतात, घोडं अडतं ते लेखाखालच्या संदर्भसूचीपाशी. एकेका लेखाला वीस-तीस नोंदी, एकदोन लेखांना तर साठ, आणि सगळं वर्डमधून उचललेलं असल्यामुळे एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारा कोड, त्यात नुसते पॅराग्राफ आणि आत जिथे तिथे बी (ठळक) नि आय (तिरकं) टॅग.

आधी ठरलं होतं की ग्रंथाचं नाव ठळक. तसं केलं. मग संपादक बदलले, ते म्हणाले ठळक नको, एकेरी अवतरणात घ्या, आणि साल शेवटी नको, लेखकाच्या नावापुढे कंसात हवं. मी ३८० नोंदी हाताने बदलल्या, दोन रात्री गेल्या, आणि त्यात एका ठिकाणी ग्रंथाऐवजी प्रकाशकाचं नाव अवतरणात गेलं, ते एका वाचकांनी कळवलं तेव्हा मला फार वाईट वाटलं कारण संदर्भ चुकला की पुढचा अभ्यासक चुकतो. आता तिसऱ्या पद्धतीची मागणी आलीये आणि मला हे पुन्हा हाताने करायचं नाहीये.

उदाहरणाला एक नोंद घ्या: राजवाडे, वि. का., मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड १, १८९८. यात साइट टॅग (सी-आय-टी-ई, संदर्भासाठी असतो तो) नक्की कशाला लावायचा, अख्ख्या नोंदीला की नुसत्या नावाला? स्वल्पविराम आणि पूर्णविराम एचटीएमएलमध्ये ठेवायचे की सीएसएसने (दिसणं ठरवणाऱ्या नियमांनी) बिफोर-आफ्टर, म्हणजे मजकुराच्या आधी-नंतर चिन्ह उमटवायची सोय, वापरून घालायचे? आणि सालाची जागा सीएसएसने हलवता येते का? शिवाय जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं असतं, त्याचं काय करायचं तेही सांगा. इथे कोड टाकला की टॅग गायब होतात म्हणून सगळं शब्दांतच लिहिलंय, तुम्हीही तसंच लिहा.

कराडचा_वेबवाला

ताई, आधी साइटचं बघू, कारण त्याबद्दल नेटवर दोन तऱ्हेची उत्तरं सापडतात आणि दोन्ही आपापल्या काळात बरोबर होती. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये साइटचा अर्थ ढोबळ होता, दुसऱ्या साधनाचा संदर्भ किंवा उल्लेख, बस. त्यामुळे लोक अख्खी नोंद त्यात घालायचे, कुणी नुसतं लेखकाचं नाव घालायचे. नंतर व्हॉटडब्ल्यूजीने (ब्राउझर बनवणाऱ्यांचा, एचटीएमएलचे नियम ठरवणारा गट) तो अर्थ आवळला, की साइट म्हणजे कृतीचं शीर्षक, माणसाचं नाव हे शीर्षक नव्हे त्यामुळे ते त्यात घालायचं नाही. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये मात्र शीर्षक, लेखक किंवा पत्ता यातलं काहीही चालेल असं होतं. मे २०१९ मध्ये दोघांचा समझोता झाला आणि व्हॉटडब्ल्यूजीचंच स्टँडर्ड मानायचं ठरलं, म्हणजे आजच्या घडीला साइट फक्त शीर्षकाला.

इंग्रजी विकिपीडियाचे संदर्भ साचे अजूनही अख्खी नोंद साइटमध्ये गुंडाळतात, आणि मग ब्राउझर ती सगळी तिरकी करेल म्हणून सीएसएसमध्ये फॉन्ट-स्टाईल इनहेरिट करून घेतात. चालतं ते, पण नवीन काम करताना तो वळसा कशाला घ्या.

मी असं करतो. सूची क्रमांकाने असेल तर ओएल (क्रमांकांची यादी), आडनावांच्या अकारविल्हे असेल तर यूएल (बिनक्रमांकाची यादी), प्रत्येक नोंद एक एलआय (यादीतलं एक कलम). एलआयला आयडी द्यायचा म्हणजे लेखातल्या टिपेवरून थेट तिथे उडी मारता येते. आत लेखक एका स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा वेगळा करणारा साधा टॅग), आणि त्याच्याही आत आडनाव आणि आद्याक्षरं वेगळे स्पॅन. शीर्षक साइटमध्ये. खंड, आवृत्ती, स्थळ, प्रकाशक, पृष्ठं प्रत्येकी एक स्पॅन, साल टाइम टॅगमध्ये. क्लासला (सीएसएसला तुकडा ओळखता यावा म्हणून टॅगवर लावलेल्या खुणेला) नाव द्यायचं ते ती गोष्ट काय आहे यावरून, कशी दिसते यावरून नाही. तुमच्या बी टॅगचं दुखणं तेच होतं बघा, बी म्हणजे ठळक एवढंच कळतं, त्यातलं ग्रंथाचं नाव कुठलं नि प्रकाशक कुठला ते मशीनला कळायला मार्गच नाही, म्हणून तर ३८० वेळा तुम्हाला स्वतःला वाचून ठरवावं लागलं.

नियतकालिकातला लेख असेल तर लेखाच्या नावाला वेगळा क्लास आणि नियतकालिकाच्या नावाला वेगळा क्लास, कारण आपल्याकडे लेख अवतरणात आणि नियतकालिक बिनअवतरणाचं छापायची पद्धत आहे. एलआयलाही प्रकार सांगणारा क्लास द्या, ग्रंथ, लेख, प्रबंध, दप्तर. पुराभिलेखातल्या रुमालाचा (जुन्या कागदांच्या गठ्ठ्याचा) संदर्भ ग्रंथासारखा दिसून चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

वाचनालय_रत्नागिरी

वरच्याशी सहमत. विरामचिन्हांबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो, सीएसएसने घालू नका. आम्ही आमच्या सूचीत तसंच केलं होतं. एचटीएमएलमध्ये नुसते स्पॅन, स्वल्पविराम सगळे आफ्टरमधून, दिसायला फार सुंदर आणि एका ओळीत पद्धत बदलायची. मग एक विद्यार्थिनी आली, तिने प्रबंधासाठी आमच्या पानावरून पन्नासेक नोंदी कॉपी करून वर्डमध्ये टाकल्या होत्या आणि तिथे उमटलं होतं "राजवाडेवि. का.मराठ्यांच्या इतिहासाची साधनेखंड ११८९८". खंड १ आणि १८९८ एकमेकांना चिकटून एक पाच आकडी संख्या झाली होती. बिचारी दोन दिवस नोंदी सोडवत बसली होती.

कारण असं की बिफोर-आफ्टरमधल्या कंटेंट प्रॉपर्टीने जे उमटतं ते पानाच्या मजकुराचा भाग नसतं, सिलेक्ट करताना ते धरलंच जात नाही. पानात शोधलं तरी भरवसा नाही. सीएसएस लोड झाली नाही किंवा कुणी रीडर मोडमध्ये वाचलं तरी तीच गत. आणि संदर्भसूची ही गोष्टच अशी आहे की लोक ती वाचण्यापेक्षा उचलून नेतात जास्त.

म्हणून माझा नियम असा आहे की जे नसलं तर नोंद कळणार नाही ते एचटीएमएलमध्ये, आणि नसलं तरी चालेल ते सीएसएसमध्ये. स्वल्पविराम, "संपा.", "अनु.", "पृ." हे सगळं खरोखरचं टाइप केलेलं. चौकोनी कंसातला नोंदक्रमांक काउंटरने आला तरी चालतो, लिस्टच्या क्रमांकांना देवनागरी आकडे हवे असतील तर लिस्ट-स्टाईल-टाइप देवनागरी म्हटलं की झालं. प्रिंट काढताना लिंकपुढे तिचा पूर्ण पत्ता छापणं हेही सीएसएसचंच काम. तुमच्या एकेरी अवतरणांबाबत मी बराच विचार केला आणि माझं मत एचटीएमएलकडे झुकतं, क्यू टॅगसुद्धा नको, कारण त्याची अवतरणंही ब्राउझर कंटेंटनेच घालतो.

निशाचर_कोडर

मी थोडा वेगळं मत मांडतो. शिरोरेखाताईंचा मुख्य प्रश्न साल हलवण्याचा आहे, आणि त्याला फ्लेक्स (आतल्या तुकड्यांची मांडणी ठरवणारी सीएसएसची सोय) आहे की. एलआयला डिस्प्ले फ्लेक्स, रॅप चालू, मग लेखकाला ऑर्डर १, सालाला २, शीर्षकाला ३. दुसरी पद्धत हवी तर आकडे बदला. एचटीएमएलला हात लावायची गरज नाही.

कराडचा_वेबवाला

हे मी करून बघितलंय म्हणून सांगतो, दोन ठिकाणी फसतं. फ्लेक्स लावला की आतला प्रत्येक स्पॅन स्वतंत्र डबा होतो. छोट्या नोंदीत कळत नाही, पण शीर्षक लांबलचक असलं, आणि जुन्या ग्रंथांची असतातच, तर ते शीर्षक वाक्यासारखं वाहत नाही, त्याचा एक चौकोन होतो आणि प्रकाशक त्याच्या बाजूला किंवा खाली दुसऱ्या चौकोनात जाऊन बसतो. परिच्छेदासारखी सलग ओळ मिळतच नाही.

दुसरं जास्त गमतीचं आहे. तुम्ही स्पॅनच्या मध्ये टाइप केलेले स्वल्पविराम हा मोकळा मजकूर, त्याला फ्लेक्स आपणहून एक निनावी डबा देतो आणि त्या डब्याला ऑर्डर देता येत नाही, ती शून्यच राहते. म्हणजे लेखक १, साल २, शीर्षक ३ केलं की सगळे स्वल्पविराम शून्यावर असल्यामुळे नोंदीच्या सुरुवातीला येऊन गोळा होतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं कळेचना की ओळीच्या तोंडाशी हे चार स्वल्पविराम कुठून आले. चिन्हं स्पॅनच्या आत घेतली तर ते टळतं, पण मग शेवटचा पूर्णविराम सालाबरोबर मध्येच येतो.

शिवाय ऑर्डरने फक्त दिसणं बदलतं. पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर जुन्याच क्रमाने वाचतो, कॉपी केलं तरी जुनाच क्रम. डोळ्याला एक आणि कानाला दुसरं असा संदर्भ मी तरी देणार नाही.

निशाचर_कोडर

स्वल्पविरामाचं आत्ता करून बघितलं, खरंच सगळे पुढे येतात. माघार घेतो. मग क्रम बदलायला मार्ग काय, साल दोनदा लिहून एक लपवायचं?

वाचनालय_रत्नागिरी

नको नको, दोनदा लिहिलं की एक दुरुस्त होतं आणि दुसरं तसंच राहतं.

क्रम हा सीएसएसचा प्रांतच नाही असं मला वाटतं. दिसणं सीएसएसने, क्रम आणि चिन्हं टेम्प्लेटने (नोंदीच्या साच्याने). म्हणजे नोंदींचा मूळ डेटा एकाच जागी ठेवा आणि एचटीएमएल त्यातून तयार करा. झोटेरो नावाचं संदर्भ साठवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं, २००६ पासून आहे. त्यात नोंदी भरल्या की सीएसएल जेसन या प्रकारच्या डेटा-फाइलमध्ये एक्सपोर्ट होतात, त्यात लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल सगळं सुटं सुटं मिळतं. झोटेरो स्वतःही तयार सूचीचं एचटीएमएल देतं पण ते घेऊ नका, त्यात प्रत्येक नोंदीला एक डिव असतो आणि आत नुसतं तिरकं वगैरे केलेलं असतं, आडनाव कुठलं नि स्थळ कुठलं याला क्लास नसतात, म्हणजे तुम्ही पुन्हा वर्डच्याच जागी. जेसन घ्या आणि वेबवाल्यांनी वर सांगितलेल्या रचनेत ओतणारी वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहून घ्या. तिसरी पद्धत आली की टेम्प्लेटमध्ये दोन ओळी वरखाली करायच्या, ३८० च्या ३८० नोंदी मिनिटभरात नव्याने तयार.

तुमचा लेखक संच मराठी असल्याने एक काळजी घ्या, आद्याक्षरं "वि. का." अशी भरताना मधली जागा नॉन-ब्रेकिंग ठेवा, नाहीतर "वि." एका ओळीच्या शेवटी आणि "का." पुढच्या ओळीत.

जुळारी

वडिलांचा छापखाना होता, खिळे जुळवण्यापासून मी बघितलंय, म्हणून अक्षरांबद्दल लिहितो, ते कुणी बोललेलं नाही.

साइट टॅगला ब्राउझर आपणहून इटॅलिक करतो. इंग्रजीला ते शोभतं कारण त्या लिपीत इटॅलिक हा वेगळा घडवलेला टाइप आहे. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत इटॅलिक नसतंच, मग ब्राउझर सरळ अक्षर धरून तिरकं ढकलतो. शिरोरेषा आडवीच राहते आणि काना, वेलांटीचे दांडे कलतात, रफार नि अनुस्वार अक्षरावरून घसरल्यासारखे दिसतात. "साधने"मधला धने बघा म्हणजे कळेल. छापखान्यात आम्ही ग्रंथनामाला कधी ठळक टाइप लावायचो, कधी अवतरण, पण सरळ अक्षर वाकवायची सोयच नव्हती आणि त्यामुळे डोळ्याला ती सवयही नाही.

म्हणून लँग अॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगवर भाषा सांगायची सोय, मनापासून वापरा. अख्ख्या पानाला एमआर (मराठी) आणि इंग्रजी ग्रंथाच्या नावाला तेवढं ईएन. ग्रँट डफचा १८२६ साली लंडनला छापलेला इतिहास तुमच्या सूचीत असणारच, त्याचं नाव इंग्रजीत आहे, ते तिरकं राहू दे. मग सीएसएसमध्ये लँग एमआर असलेल्या साइटला फॉन्ट-स्टाईल नॉर्मल, ईएनला इटॅलिक. शिवाय फॉन्ट-सिंथेसिस नन करून ठेवा म्हणजे नकली तिरकेपणा कुठूनच येणार नाही, पण त्याने नकली ठळकही बंद होतं तेव्हा तुमच्या फॉन्टमध्ये खरा बोल्ड आहे ना ते बघून घ्या.

लँग एमआरचा आणखी एक फायदा, काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि भाषा मराठी आहे हे सांगितल्यावरच ते येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आपल्या वाचकाला तो ल लगेच खटकतो.

इंग्रजी शैलीपत्रिकांतून दोन गोष्टी डोळे झाकून उचलू नका. एक, लेखकाचं नाव स्मॉल कॅप्समध्ये, आपल्याकडे मोठी-छोटी अक्षरं नाहीतच. दोन, लेटर-स्पेसिंग, त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटलेल्या कौलांसारखा दिसतो.

कराडचा_वेबवाला

जुळारीकाका, हे फार कामाचं लिहिलंत, मी आजवर इटॅलिक तसंच सोडत आलो होतो.

ताई, शके राहिलं होतं. टाइम टॅगमध्ये दिसणारा मजकूर आणि डेटटाइम अॅट्रिब्यूट या वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला पुस्तकावर छापलंय तसं "शके १८२०" ठेवा आणि डेटटाइममध्ये इसवी साल, तेही इंग्रजी आकड्यांतच, देवनागरी आकडे तिथे चालत नाहीत. शकेत ७८ मिळवायचे, म्हणजे १८९८, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शेवटचे महिने पुढच्या इसवी सालात, १८९९ मध्ये, जातात. महिना माहीत नसेल तर डेटटाइम न देता नुसता स्पॅन ठेवलेला बरा, चुकीचं नेमकं साल देण्यापेक्षा.

दुसऱ्या ओळीपासून आत सरकलेली नोंद हवी असेल, म्हणजे आडनाव बाहेर डोकावतं ते, तर एलआयला डावीकडून दोन ईएम (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) पॅडिंग आणि टेक्स्ट-इंडेंट उणे दोन ईएम. टेक्स्ट-इंडेंट आत झिरपतो, त्यामुळे नोंदीत पीडीएफचं बटण वगैरे इनलाइन-ब्लॉक असेल तर त्याला इंडेंट शून्य करा, नाहीतर बटणावरची अक्षरं बटणाच्या बाहेर डावीकडे पळतात. आणि क्रमांक नको म्हणून लिस्ट-स्टाईल नन केलंत तर सफारी ब्राउझरमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर ती यादी आहे असं सांगणं बंद करतो, तेव्हा यूएलला रोल (हा भाग काय आहे ते सांगणारी खूण) लिस्ट असा द्या. बाहेरच्या सेक्शनला रोल डॉक-बिब्लिओग्राफी. प्रत्येक नोंदीसाठी डॉक-बिब्लिओएंट्री असा रोल जुन्या लेखांत सापडेल, तो आता बाद ठरवलाय, साधा एलआय पुरे.

शिरोरेखा_सांगली

सगळ्यांचे खूप खूप आभार, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण करतच होते. झोटेरोत पहिल्या दोन अंकांच्या ११२ नोंदी भरल्या, भरताना सात ठिकाणी मूळ अंकातच साल किंवा स्थळ राहिलेलं सापडलं, ती पुस्तकं आता काढून बघणार आहे. स्क्रिप्ट भाच्याने लिहून दिली. दोन्ही पद्धतींची सूची आता एकाच डेटातून निघतेय आणि जुळारीकाकांचं ऐकून तिरकं काढल्यावर पान इतकं स्वच्छ दिसायला लागलं की संपादकांनी स्वतःहून फोन केला.

क्लासची नावं मी मराठीतच ठेवलीत, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, चाललं सगळं. नुसता "दुसऱ्या-आवृत्ती" हा क्लास लागतच नव्हता, काही केल्या नाही.

आणि दोन नवे प्रश्न. एकाच लेखकाचे पाच ग्रंथ ओळीने आले तर छापील अंकात दुसऱ्या नोंदीपासून नावाऐवजी लांब रेघ असते, तसं करू का? आणि अकारविल्हे लावताना स्क्रिप्टने काळे आधी आणि काशीद नंतर लावलंय, हे संपादकांना पटत नाहीये.

कराडचा_वेबवाला

क्लासची नावं देवनागरीत बिनधास्त ठेवा, सीएसएसला चालतात. तुमचा "ऱ्या" अडला असणार. तो ऱ दोन प्रकारे टाइप होतो, एक अख्खा ऱ आणि दुसरा र खाली नुक्ता देऊन, दिसतात सारखे पण सीएसएस त्यांना एक मानत नाही. एचटीएमएलमधलं नाव कॉपी करून सीएसएसमध्ये टाका, किंवा क्लासच्या नावात ऱ टाळा.

रेघेसाठी नाव काढू नका. नाव एचटीएमएलमध्ये राहू दे, टेम्प्लेटने मागचाच लेखक असेल तर एलआयला "तोच-लेखक" असा क्लास द्यावा आणि सीएसएसने नाव फक्त नजरेआड करून बिफोरमध्ये रेघ काढावी. डिस्प्ले नन करू नका, क्लिप करून लपवा, म्हणजे स्क्रीन रीडरला नाव ऐकू येतं आणि एखादी नोंद एकटी कॉपी केली तरी लेखकासकट जाते. पुढच्या संपादकांना रेघ नको असली तर तो एक नियम उडवायचा.

वाचनालय_रत्नागिरी

काळे-काशीदमध्ये संपादकांचं बरोबर आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, पण युनिकोडच्या तक्त्यात तो ल ला चिकटून बसवलाय, आणि साधं सॉर्ट त्या तक्त्याप्रमाणे चालतं. भाच्याला सांगा की सॉर्टमध्ये लोकेलकंपेअर (भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारं फंक्शन) वापर आणि भाषा एमआर दे. लावल्यावर हीच जोडी तपासा, काशीद वर आणि काळे खाली यायला हवेत. क्ष आणि ज्ञ ने सुरू होणारी आडनावं असतील, क्षीरसागर वगैरे, तर तीही बघा, काही संपादकांना ती क आणि ज मध्येच हवी असतात आणि काहींना अगदी शेवटी, ते आधी विचारून घ्या.